मागच्या अंगणातला सांता रोझा: कॅलिफोर्नियात जपानी प्लम लावणाऱ्यांसाठी

कॅलिफोर्नियात स्वतःचं घर झालं, की पहिल्याच हिवाळ्यात मागच्या अंगणात काय लावायचं याची चर्चा सुरू होते. लिंबू असतंच. कढीपत्ता कुंडीतून आत-बाहेर चाललेला असतो. हापूसचा हट्ट बे एरियाच्या थंडीपुढे एक-दोन वर्षांत सोडावा लागतो. अशा वेळी मी विचारणाऱ्या प्रत्येकाला एकच झाड सुचवते: जपानी प्लम, आणि त्यातही सांता रोझा. फेब्रुवारीत पांढराशुभ्र बहर, लावल्यापासून तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ, आणि फळ असं की साल चांगली आंबट, गर गोड, खाताना रस कोपरापर्यंत ओघळतो. दुकानात मिळणारी प्लम प्रवासाला टिकावीत म्हणून कडक असतानाच तोडलेली असतात. घरच्या झाडावर पिकलेल्या फळाची सर त्यांना येत नाही.

मात्र एक गोष्ट आधीच सांगते. या झाडाला खतापाण्यापेक्षा कात्री जास्त लागते. आपल्याकडे फळत्या झाडावर हत्यार चालवायला हात धजत नाही, आणि झाडाला लागलेली फळं आपणच खुडून टाकायची हे तर अनेकांना पापच वाटतं. प्लमच्या बाबतीत ही दोन्ही कामं करावीच लागतात. ज्यांच्या अंगणात पंधरा फुटांवर फळं लटकतात आणि खारी खातात, त्यांनी झाडाची हेळसांड केलेली नसते, उलट लाड केलेले असतात. म्हणून या लेखात कात्रीबद्दल जास्त वाचायला मिळेल, खताबद्दल कमी.

हे झाड नेमकं कोणतं

जपानी प्लम मुळात चीनमधलं. जपानात ते शेकडो वर्षं जोपासलं गेलं आणि तिथून कॅलिफोर्नियात आलं. ते आणण्याचं मोठं श्रेय लूथर बरबँक या संकरातून नव्या जाती घडवणाऱ्या बागाईतदाराला जातं. परमहंस योगानंदांचे स्नेही म्हणून काही वाचकांना हे नाव ओळखीचं असेल. बरबँक १८७५ मध्ये मॅसॅच्युसेट्स सोडून सांता रोझा गावी स्थायिक झाले. १८८५ मध्ये त्यांनी जपानहून प्लमची रोपं मागवली, आणि लाल गराची ‘सात्सुमा’ त्यातूनच पुढे आली. मग त्यांनी वर्षानुवर्षं संकर केले आणि १९०६ मध्ये ‘सांता रोझा’ बाजारात आणली. त्या गावात त्यांचं घर आणि बाग आजही जपून ठेवली आहे, सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तरेला जाताना वाकडी वाट करून बघण्याजोगी. हीच जात पुढे हिमाचलातल्या बागांमध्येही रुजली. त्यामुळे मे-जूनमध्ये पुण्या-मुंबईच्या हातगाडीवर दिसणारं लाल-जांभळं प्लम बहुधा आपल्या अंगणातल्या झाडाचं सख्खं भावंडच असतं.

नर्सरीत मात्र डोळे उघडे ठेवून जा. लोकाटलाही काही ठिकाणी जपानी प्लमच म्हणतात. ते पिवळ्या फळाचं, वर्षभर हिरवं राहणारं, पूर्णपणे वेगळं झाड आहे. रस्त्याकडेला जांभळ्या पानांचं आणि गुलाबी फुलांचं जे प्लम दिसतं ते शोभेचं. त्याला आली तर बोराएवढी फळं येतात. आणि सुकवून प्रून करतात ते युरोपीय प्लम. सॅन होजेत १८५६ मध्ये लुई पेलिए या फ्रेंच माळ्याने त्याची कलमं आणवली, आणि आज जिथे कंपन्यांची ऑफिसं उभी आहेत त्या सांता क्लारा खोऱ्यात पुढे मैलोन्‌मैल प्रूनच्या बागा पसरल्या. युरोपीय प्लम चांगलंच, पण ते उशिरा फुलतं आणि जपानी प्लमला परागासाठी त्याचा उपयोग होत नाही. शेजाऱ्याकडे प्रूनचं झाड आहे, म्हणून आपलं भागेल असं धरून चालू नका.

थंडी किती हवी, जात कोणती

प्लमला हिवाळ्यात थंडीतली झोप हवी असते. साधारण ३२ ते ४५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ० ते ७ अंश सेल्सियस या थंडीत किती तास गेले ते मोजतात आणि त्यांना चिल अवर्स म्हणतात. ते पुरेसे झाले नाहीत तर झाड वसंतात अर्धवट जागं होतं, फुलं तुरळक येतात आणि फळ धरत नाही. सांता रोझाला सुमारे ३०० तास लागतात. सॅन होजे, फ्रीमाँट, सॅक्रामेंटो, फ्रेझ्नो या पट्ट्यात ते सहज मिळतात. लॉस एंजेलिस किंवा सॅन डिएगोच्या अगदी किनाऱ्यालगत राहत असाल तर ‘मेथली’ किंवा ‘ब्यूटी’ घ्या. त्यांना कमी थंडी पुरते.

महाराष्ट्रातल्या घरी हेच झाड लावता येईल का, असं पुष्कळ जण विचारतात. पुण्या-नाशकाकडे थंडीचे तेवढे तास भरत नाहीत. झाड जगेल, पण फळाची आशा धरू नका. आणि इथली काडी बॅगेत घालून तिकडे नेणं, किंवा तिकडची इकडे आणणं, परवानगीशिवाय बेकायदा आहे. काडीबरोबर रोग आणि किडीही प्रवास करतात.

दुसरा प्रश्न परागाचा. बहुतेक जपानी प्लमना फळ धरायला जवळपास दुसऱ्या जातीचं झाड लागतं. सांता रोझा, मेथली आणि ब्यूटी यांना एकटंही फळ येतं, सोबत दुसरं असेल तर जास्त येतं. सात्सुमा, ‘मारिपोसा’ आणि ‘एलिफंट हार्ट’ यांना मात्र सोबती हवाच. एकच झाड लावायचं असेल तर सांता रोझा. दोन लावायची असतील तर सांता रोझा आणि सात्सुमा: पहिलं जूनअखेर उतरतं, दुसरं जुलैअखेर, आणि सात्सुमाचा गडद लाल, घट्ट गर जॅमला फार उत्तम. तुम्हाला प्लुओट आवडत असतील, म्हणजे प्लम आणि जर्दाळूचा तो ठिपक्यांचा संकर, तर त्यांच्यापैकी बऱ्याच जातींना परागासाठी सांता रोझाच चालतं.

एका झाडावर तीन-चार जातींची कलमं बांधलेली झाडंही मिळतात. लहान अंगणाला ती सोयीची आहेत, पण त्यातली एक जात नेहमी दांडगाई करते आणि बाकीच्यांना मागे सारते. दरवर्षी तिला जास्त छाटायची तयारी असेल तरच ते झाड घ्या.

खुंट बघून घ्या

नर्सरीतल्या झाडाच्या चिठ्ठीवर जातीखाली खुंटाचं, म्हणजे ज्या मुळांच्या झाडावर कलम बांधलंय त्याचं, नावही असतं. आपण आंब्याचं कलम घेताना खुंट विचारत नाही, इथे विचारायला हवं. ‘सायटेशन’ खुंटावर झाड जरा आटोपशीर राहतं आणि लवकर फळतं, बे एरियातल्या चिकणमातीत बरं चालतं, पण उन्हाळ्यात पाण्याचा ताण त्याला सोसत नाही. ‘मारियाना’ ओल्या, जड जमिनीत टिकतो, मात्र बुडातून फुटवे काढत राहतो. ते दिसतील तसे ओढून काढायचे. ‘नेमागार्ड’ सेंट्रल व्हॅलीतल्या वाळूमिश्रित, निचऱ्याच्या जमिनीसाठी आहे. तुमच्याकडे पाऊस पडल्यावर पाणी साचत असेल तर तो घेऊ नका. आणि ‘सेमी-ड्वार्फ’, म्हणजे अर्धबुटकं, या शब्दावर विसंबू नका. ते झाडही मोकळं सोडलं तर पंधरा फुटांपर्यंत जातं. झाडाची उंची शेवटी तुम्ही ठरवायची असते.

जागा आणि निचरा

दिवसाला किमान सहा तास ऊन, आठ मिळालं तर उत्तम. कुंपणापासून सहा-सात फूट अंतर ठेवा, म्हणजे झाडाभोवती फिरता येईल. हिरवळीच्या मधोमध लावू नका. स्प्रिंकलरचं पाणी रोज बुंध्यावर पडलं की बुंधा बुडाशी कुजतो.

निचरा आधी तपासा. फूटभर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, जिरू द्या, मग पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी काही तासांत गेलं तर जमीन चांगली. दुसऱ्या दिवशी सकाळीही तिथे डबकं दिसलं तर त्या जागी खड्ड्यात झाड लावायचंच नाही, फूट-दीड फूट उंच मातीचा उंचवटा करून त्यावर लावायचं. प्लमची मुळं दुष्काळापेक्षा दलदलीत जास्त मरतात.

भाड्याचं घर असेल तर पंधरा-वीस गॅलनच्या कुंडीतही झाड चालतं. फळ कमी येईल, पाणी वरचेवर द्यावं लागेल, पण घर बदलताना सोबत नेता येईल.

जानेवारीतली खरेदी

प्लम घ्यायचा खरा हंगाम जानेवारी आणि फेब्रुवारीची सुरुवात. तेव्हा झाडं ‘बेअर रूट’ मिळतात: माती नाही, कुंडी नाही, पानं नाहीत, भुशात ठेवलेली उघडी मुळं आणि वर एक काठी. पाहून कुणालाही वाटेल की हे काय जगणार! पण कुंडीतल्या झाडापेक्षा हे स्वस्त पडतं, मुळं डोळ्यांनी तपासता येतात आणि जमिनीत लवकर रुजतं.

जाड बुंध्याचं झाड घ्यायचा मोह टाळा. अंगठ्याएवढ्या बुंध्याचं, बुडाशी भरपूर मुळं असलेलं, सालीवर जखम किंवा डिंक नसलेलं झाड घ्या. खालच्या दोन फुटांत निरोगी डोळे, म्हणजे जिथून फांद्या फुटतात ते कोंब, आहेत ना, हे बोट फिरवून पाहा. ते का, हे पुढे कळेलच. घरी आणलं की मुळं सुकू देऊ नका. लगेच लावणार असाल तर काही तास बादलीत बुडवून ठेवा, एका दिवसापेक्षा जास्त नको. चार दिवसांनी लावणार असाल तर ओल्या मातीत आडवं पुरून ठेवा.

लावणी

खड्डा मुळांएवढाच खोल आणि त्याच्या दुप्पट रुंद. खोल खणून, भुसभुशीत करून, वर शेणखत भरून लावायची आपली सवय इथे सोडा. चिकणमातीतल्या अशा खड्ड्यात पाणी साठून राहतं, आणि खताची माती बसली की झाडही खाली खचतं. खणलेली तीच माती परत भरा. फावड्याने खड्ड्याच्या भिंती गुळगुळीत झाल्या असतील तर त्या खरवडून घ्या, म्हणजे मुळं आरपार जातील. तुटकी-मोडकी मुळं नीट छाटा, बाकीची पसरून बसवा.

कलमाची गाठ, म्हणजे बुंध्याला जिथे किंचित बाक दिसतो ती जागा, जमिनीच्या वर चार-सहा इंच राहिली पाहिजे. ती पुरली गेली तर कुजण्याचा धोका. माती हाताने दाबा, पायाने तुडवू नका. मग दोन-तीन बादल्या पाणी द्या. माती खाली बसेल, थोडी आणखी घाला. आधाराची काठी सहसा लागत नाही.

गोफर, म्हणजे जमिनीखाली बिळं करून मुळं खाणारा उंदरासारखा प्राणी, असलेल्या भागात राहत असाल तर खड्ड्यात तारेची जाळीदार टोपली आधी बसवा. एका रात्रीत मुळं कुरतडलेलं झाड हातात उपसून येतं, आणि मग करण्यासारखं काही उरत नाही.

शेवटी बुंध्याला पांढरा रंग. घराच्या आतल्या भिंतीला देतात तो पाण्यातला लेटेक्स रंग, निम्मं पाणी मिसळून, जमिनीपासून थेट टोकापर्यंत. कोवळी साल उन्हाने भाजली की तिथे खोडकिडा शिरतो, आणि लहान झाड त्यातून क्वचितच वाचतं.

पहिली कात्री

आता मन घट्ट करा. नुकतंच लावलेलं, चार-पाच फुटांचं, पैसे मोजून आणलेलं झाड गुडघ्याच्या उंचीवर कापायचं. अठरा ते चोवीस इंच ठेवायचं, वरचं सगळं काढून टाकायचं.

याची दोन कारणं. नर्सरीत झाड उपटताना त्याची बरीचशी मुळं तुटलेली असतात. उरलेल्या मुळांना तेवढा मोठा शेंडा पोसता येत नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: जिथे कापाल त्याच्या खालच्या डोळ्यांतून फांद्या फुटतात, आणि त्याच फांद्या जन्मभर झाडाचा सांगाडा असतात. चार फुटांवर कापलं तर झाडाची सुरुवातच चार फुटांवर होते, फळं आठ-दहा फुटांवर लागतात, आणि मग शिडी. गुडघ्याशी कापलं तर दहा वर्षांनीही जमिनीवर उभं राहून हाताने फळ तोडता येतं. खालचे डोळे तपासा म्हटलं ते यासाठी.

कापताना सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, धारदार हवी. डोळ्याच्या पाव इंच वर, किंचित तिरका काप. जखमेवर काही लावायची गरज नाही.

एप्रिल-मेपर्यंत सात-आठ फुटवे येतात. त्यातले तीन-चार ठेवायचे: चहूबाजूंना पसरलेले, एकाच बिंदूतून न निघालेले, बुंध्याशी रुंद कोन करणारे. बुंध्याला चिकटून सरळ वर गेलेली फांदी पुढे फळांच्या ओझ्याने फाटते. मधला भाग मोकळा ठेवा, म्हणजे झाड वाडग्याच्या आकाराचं होईल आणि ऊन आतपर्यंत पोचेल. सांता रोझाचा ओढा सरळ वर जाण्याकडे असतो. म्हणून कुठलीही फांदी छाटताना बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्यावर छाटा. नवी फूट बाहेर वळते.

दुसऱ्या हिवाळ्यात त्या तीन-चार फांद्या निम्म्या-अर्ध्या आखूड करा आणि प्रत्येकीवर दोन-दोन उपफांद्या धरा. तिसऱ्या वर्षी फांद्यांवर आखूड, गाठीगाठीच्या, बोटभर लांबीच्या काड्या दिसू लागतील. इथे त्यांना स्पर म्हणतात. प्लमचं बरंचसं फळ त्यांच्यावर लागतं आणि एक स्पर पाच-सात वर्षं फळतो. काटक्या समजून त्या छाटू नका. नवखे लोक नेमक्या त्याच काढतात आणि जाडजूड, सरळ वर धावणारे पाणसोट ठेवतात. हवं याच्या उलट.

पाणी आणि खत

पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एकदा-दोनदा, दर वेळी पाच ते दहा गॅलन. पाणी सावकाश सोडा, बुंध्यापासून फूटभर दूर आळं करून. लांब स्क्रू-ड्रायव्हर जमिनीत खुपसून पाहा: सहा इंच सहज गेला तर ओल आहे, आज पाणी नको. माती वाफशावर, म्हणजे ओलसर पण मोकळी असावी, चिखल नको. मोठ्या झाडाला चिकणमातीत दोन-तीन आठवड्यांनी एकदा भरपूर पाणी पुरतं, वाळूच्या जमिनीत आठवड्याला लागतं. इथे मे ते ऑक्टोबर पाऊस जवळजवळ नसतो, तेव्हा पाण्याचा भार तुमच्यावरच. तीन-चार इंच जाडीचं लाकडी तुकड्यांचं आच्छादन घाला, पण ते बुंध्याला टेकू देऊ नका.

खत थोडकं. वसंतात झाडाखाली कंपोस्टचा थर पसरला की बऱ्याच बागांना तेवढं पुरतं. फळत्या झाडाची नवी फूट वर्षाला दीड-दोन फूट वाढत असेल तर आणखी काही घालू नका. नत्र जास्त झालं की लुसलुशीत पाला येतो, पाल्यावर मावा येतो आणि फळ बेचव होतं.

एप्रिलची विरळणी

तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षी बहर भरून येईल आणि एप्रिलमध्ये फांद्यांवर हिरव्या मण्यांचे घोस दिसतील. घरातले सगळे हरखून जातील. आणि नेमक्या याच वेळी त्यातली निम्म्याहून जास्त फळं खुडायची आहेत.

काही फळं मेपर्यंत आपोआप गळतात, पण तेवढ्यावर भागत नाही. फळ पाऊण ते एक इंचाचं झालं, आतली कोय अजून मऊ आहे, तेव्हा विरळणी करा. दोन फळांत चार ते सहा इंच अंतर, म्हणजे साधारण मूठभर जागा. एका स्परवर एकच फळ. आधी किडकी, डागाळलेली, दुसऱ्या फळाला चिकटलेली काढा, मग उरलेल्यांतलं सगळ्यात मोठं ठेवा. डाव्या हाताने स्पर धरायचा आणि उजव्या हाताच्या अंगठ्याने फळ बाजूला मुरडायचं. ओढलं तर स्परच तुटून येतो. फांदीच्या टोकाकडे आणखी विरळ करा, कारण तिथल्या वजनाने फांदी वाकते आणि जूनमध्ये एखाद्या दुपारी कडकन मोडते.

विरळणी केली नाही तर काय होतं? फळं लिंबाहून लहान राहतात, त्यात मोठी कोय आणि आंबट गर. शिवाय झाड इतकं दमतं की पुढच्या वर्षी फुलतच नाही. चिकटून वाढलेल्या फळांमध्ये बुरशीही पसरते. खुडलेल्या फळांचा ढीग बघून वाईट वाटतं, हे खरं. त्यातली जरा मोठी फळं चिरून तिखट-मीठ लावून खाता येतात, कैरीची तहान त्यावर बऱ्यापैकी भागते. पण कोय फोडून आतला गर खाऊ नका, मुलांनाही सांगून ठेवा: त्यात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. घरात कुत्रं असेल तर गळालेली फळंही वेळेवर उचला.

किडी आणि रोग

सगळ्यात नेमाने येतो तो मावा. मार्चमध्ये कोवळी पानं वळून सुरळी होतात, आत हिरवट कीड आणि खाली चिकट गोडसर थर. पाइपच्या जोरदार धारेने धुऊन काढा, तीन-चार दिवसांनी पुन्हा. मुंग्या मावा पोसतात, म्हणून बुंध्याभोवती टेप गुंडाळून त्यावर चिकट पदार्थ लावला की निम्मं काम होतं. दरवर्षी त्रास असेल तर जानेवारीत, पानं नसताना, बागेचं हलकं तेल (हॉर्टिकल्चरल ऑइल) फवारा. फांद्यांवरची अंडी मरतात. मेअखेर मावा बहुधा आपोआप ओसरतो.

बहराच्या वेळी पाऊस झाला तर तपकिरी कूज येते: फुलं करपतात, नंतर फळांवर भुरी-तपकिरी ठिपके. झाडावर सुकून लटकलेली फळं हे तिचं घर. हिवाळ्यात त्यातलं एकही झाडावर किंवा खाली ठेवू नका, आणि ती कंपोस्टमध्येही नकोत.

बुंध्यातून डिंक येत असेल तर खरवडून पाहा. आत भुसा आणि भोक असेल तर खोडकिडा, साल तपकिरी, आंबूस वासाची असेल तर जिवाणूंचा कँकर, म्हणजे साल सडवणारा रोग. असं झाड उन्हाच्या ताणात किंवा जास्त पाण्यात सापडलेलं असतं. आधी ते सुधारा. ठरवता येत नसेल तर एक पान आणि दोन फोटो घेऊन तुमच्या काउंटीच्या मास्टर गार्डनर्सना विचारा. कॅलिफोर्निया विद्यापीठाने तयार केलेले हे स्वयंसेवक फुकट सल्ला देतात, आणि तुमच्याच भागातल्या मातीत वर्षानुवर्षं हात घातलेले असतात.

पक्षी आणि खारींसाठी जाळी. झाड आठ फुटांचं असेल तर दोन माणसं दहा मिनिटांत टाकतात, वीस फुटांचं असेल तर कुणीच टाकू शकत नाही. जाळी खालून बांधून घ्या, सैल टोकांत पक्षी अडकतात.

फळ उतरवणं, आणि लगेच पुन्हा कात्री

सांता रोझा बे एरियात साधारण जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत पिकतं, सेंट्रल व्हॅलीत थोडं आधी. नुसत्या रंगावर जाऊ नका, तो आधीच येतो. फळ लालाचं गडद जांभळट झालं, अंगावर पांढुरकी झाक आली, आणि टोकाशी अंगठ्याने दाबल्यावर किंचित दबलं, की तोडा. तळहातात घेऊन जरासं उचललं तरी सुटतं. सगळी फळं एकदम पिकत नाहीत, दर दोन-तीन दिवसांनी फेरी मारायची. खारींचा उपद्रव असेल तर रंग भरलेली पण अजून घट्ट असलेली फळं काढून घरातच अढीसारखी एका थरात पसरून ठेवा, तीन-चार दिवसांत पिकतात. पिकण्याआधी फ्रिजमध्ये ठेवू नका.

भरात आलेल्या झाडाची फळं एका घराला संपत नाहीत. अर्धपक्की फळं मेथांब्याला कैरीपेक्षा उजवी ठरतात: मोहरी-मेथीची फोडणी, प्लमच्या फोडी सालासकट, तिखट, मीठ, गूळ, आणि फोडी विरघळण्याआधी गॅस बंद. साल काढू नका, आंबटपणा आणि रंग दोन्ही तिच्यातच आहे. पिकलेली फळं बिया काढून, चिरून फ्रीझरमध्ये ठेवली तर डिसेंबरपर्यंत सरबताला पुरतात. वाटण्यापूर्वी एक पाहा: कॅलिफोर्नियात फळमाशी सापडली की राज्याचं कृषी खातं काही भागांत क्वारंटाइन लावतं, आणि तेव्हा अंगणातलं फळ आवाराबाहेर न्यायला बंदी असते. आपला पत्ता त्यात येतो का, हे खात्याच्या संकेतस्थळावर दिसतं.

शेवटचं फळ उतरलं की त्याच आठवड्यात, कोरड्या दिवशी, झाड खाली आणा. हात वर करून बोटं पोचतात तिथपर्यंतच उंची, त्याच्या वरचं सगळं काढायचं. आतल्या बाजूला सरळ वर गेलेले पाणसोट मुळापासून कापा. उन्हाळ्यात छाटलेलं झाड हिवाळ्यात छाटलेल्या झाडाइतकं उसळून वाढत नाही, म्हणून उंची राखायची ती उन्हाळ्यातच. एकदम फार उघडं मात्र करू नका, ऑगस्टच्या उन्हात फांद्यांची साल भाजते; जिथे वरून थेट ऊन पडू लागेल तिथे पांढऱ्या रंगाचा एक हात द्या. त्यानंतर ऑक्टोबरपर्यंत पाणी तोडू नका. फळ संपलं म्हणून पाणी बंद करणारे बरेच आहेत, पण पुढच्या फेब्रुवारीची फुलं याच दोन-तीन महिन्यांत डोळ्यांत तयार होत असतात. हिवाळ्यात पानं झडल्यावर पुन्हा एकदा झाडाभोवती फिरा: मेलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा, जुन्या थकलेल्या स्परच्या जागी थोडी नवी फूट धरा, आणि पावसाचा खंड बघून हे काम जानेवारीअखेर उरका.